चोवीस तासांचं माप

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात कापड बेतायचं टेबल एकच होतं, आणि त्या टेबलावर एकोणीस वर्षं एकाच बाईचं राज्य होतं. इतर कारखान्यांत हे काम पुरुष करतात आणि लोक त्यांना मास्तर म्हणतात. इथे बाई उभी राहिली, तेव्हा मशीनवरच्या मंडळींनी कुचेष्टेने तिला मास्तरीण म्हणायला सुरुवात केली. दोन वर्षांत कुचेष्टा विरली, नाव तेवढं राहिलं. साठ थर एकावर एक अंथरून ती असं कापायची की वरच्या थराची बाही आणि तळाच्या थराची बाही यांत सुताचा फरक निघत नसे. माप चोरणारा आणि पाकीट मारणारा यांत ती भेद करत नसे. पाकीटमाराला निदान पळावं लागतं, असं म्हणायची.

अशा बाईने पुढे माप चोरलं. ते समजून घ्यायचं, तर ती किती दमली होती ते आधी ऐकावं लागेल.

दमणं सुरू झालं सात वर्षांपूर्वी. पोट वाढलं, हातपाय मात्र काटकुळे होत गेले. चेहरा गोल आणि लाल झाला, मानेमागे चरबीचा उंचवटा आला, पोटावर जांभळे पट्टे उठले. टेबलाचा कोपरा नुसता लागला तरी मांडी आठवडाभर काळीनिळी. कारखाना दुसऱ्या मजल्यावर. पूर्वी ती एका दमात चढायची, आता मधल्या वळणावर थांबून भिंतीवरची नोटीस वाचल्याचं सोंग करायची. त्या नोटिशीत आग लागली तर काय करावं हे लिहिलं होतं. तिला ते पाठ झालं.

डॉक्टरांनी काय सांगावं? कमी खा, चाला. चार वर्षांत पाच डॉक्टर, आणि पाचही जणांचं तेच एक पालुपद. तिची नणंद घरातच राहायची. नवरा गेल्यावर भावाकडे आली होती, आणि भाऊ ट्रक चालवत महिन्यातले सव्वीस दिवस रस्त्यावर असल्यामुळे घरात या दोघीच. नणंदेची जीभ म्हणजे नवी कात्री. "वहिनी खाते माझ्यापेक्षा कमी आणि फुगते माझ्या दुप्पट," ती शेजारणींना सांगायची. "हवासुद्धा बेतून द्यावी लागणार हिला." पण डॉक्टरकडे सोबत तीच जायची, आणि पाचव्या डॉक्टरने "तोंडावर ताबा ठेवा" म्हटल्यावर "तुम्हीही ठेवा" असं त्यालाच ऐकवून आली होती.

शेवटी सरकारी दवाखान्यातल्या एका नवख्या डॉक्टरणीने तिच्या पोटावरचे पट्टे बघितले आणि खुर्चीत सरळ बसली. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यावर तिळाएवढी गाठ आली होती, आणि ती गाठ रात्रंदिवस एकच हुकूम सोडत होती: कॉर्टिसोल बनवा, अजून बनवा. संकटात माणसाला पळायचं बळ देणारं ते रसायन. या बाईच्या अंगात संकट कधी संपतच नव्हतं. बसल्या जागी तिचं शरीर चार वर्षं पळत होतं. असल्या चेहऱ्याला डॉक्टर लोक चंद्रासारखा म्हणतात. कवी लोकही म्हणतात, पण ते निदान रक्त काढत नाहीत.

नाकातून ऑपरेशन झालं. दीड वर्ष बरं गेलं, मग गाठ परत आली. आता पुन्हा हात लावता येणार नाही, दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ती वाईट जागी आहे. लाखांत एखाद्याला होणारा आजार. त्याच्यावर औषध शोधायची घाई कुणाला? पण एका नव्या गोळीची चाचणी सुरू होती, आणि मॅडमच ती बघत होत्या. बावीस पानांच्या कागदावर मास्तरिणीने सही केली. वाचून केली, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. समजून केली असं मात्र म्हणता येणार नाही.

पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यांना खरी गोळी. कॉर्टिसोलचा आकडा बघून कमीजास्त करायची. तो आकडा यायचा लघवीतून. एका दिवसाची सगळी लघवी तपकिरी कॅनमध्ये जमा करायची. सकाळची पहिली टाकून द्यायची, वेळ लिहायची, मग दुसऱ्या दिवशीच्या पहिलीपर्यंत थेंबही बाहेर जाऊ द्यायचा नाही. हे समजावून सांगायच्या त्या चाचणीच्या सिस्टर. पायात कॅनव्हासचे बूट, खिशात चार पेनं, आणि बोलणं असं की समोरच्याला कानकोंडं होऊ नये. "एक भांडंभर सांडलं तरी हिशेब चुकतो हं," त्या म्हणाल्या. "आम्ही दिवसभराची बेरीज बघतो." मास्तरिणीला हे लगेच पटलं. मापाचं काम होतं.

आणि गोळी लागू पडली. दहाव्या आठवड्यात आकडा हद्दीत आला. गालांमागून हळूहळू जुना चेहरा बाहेर यायला लागला. झोप लागायला लागली. कापडाचा तागा तिने एकटीने उचलून टेबलावर ठेवला, तेव्हा मशीनवरच्या पोरी बघत राहिल्या. "वहिनी, तुझी हनुवटी सापडली वाटतं," नणंद म्हणाली. त्या घरात याला कौतुक म्हणायचे.

पण त्याच सुमारास दवाखान्याच्या बाकावर तिला एक कंडक्टर भेटला. बसचा कंडक्टर, हाच आजार, हीच गोळी. त्याच्या मांडीवर रिकामी पिशवी होती.

"आज कॅन नाही आणला?" तिने विचारलं.

"कॅन काय आणू? नाव कमी केलं माझं." तो हसला, पण त्याचा फुगलेला चेहरा काही हलला नाही. "सहा महिने झाले, आकडा खाली येईना. म्हणे, औषध तुम्हाला लागू नाही. परीक्षा आहे ही, ताई. नापास झालात की घरी."

तो खोटं बोलत नव्हता. पहिल्या टप्प्याचा नियम तोच होता. मास्तरिणीच्या डोक्यात ते वाक्य चॉकने आखल्यासारखं बसलं. कापडावरचा चॉक झटकला की जातो, हा गेला नाही.

सहा महिने झाले आणि दुसरा टप्पा आला, आठ आठवड्यांचा. आता निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पिठाची. कुणाला कुठली, हे मॅडमना माहीत नाही, सिस्टरना नाही. दर दोन आठवड्यांनी कॅन. सिस्टरनी हे सगळं सांगितलं, पुढचंही सांगितलं. पण "पिठाची" हा शब्द ऐकला आणि मास्तरिणीचे कान तिथेच थांबले. पुढचं कागदावर होतं, सतराव्या पानावर: "यादृच्छिक माघार-टप्प्यात पूर्वनिर्धारित उंबरठा ओलांडल्यास सहभागीस अनावृत उपचारात स्थलांतरित करण्यात येईल." ज्याने हे वाक्य लिहिलं त्याने ते आपल्या आईला कधी वाचून दाखवलेलं नाही, हे पैजेवर सांगता येईल. आजारी माणसाच्या हातात असली वाक्यं ठेवायची आणि वर विचारायचं, समजलं ना? समजलं, ती म्हणाली. मान डोलावण्यावाचून गरिबाला दवाखान्यात दुसरं काही शिकवलेलंच नसतं.

तिसऱ्या आठवड्यात तिला कळलं की आपल्या वाट्याला पीठ आलं आहे. कुणी सांगायची गरज नव्हती. झोप गेली. दंड काळेनिळे व्हायला लागले. जमिनीवर बसलं की उठताना हात टेकावे लागायला लागले. जिन्यातली नोटीस पुन्हा वाचणं आलं. इतकी वर्षं जे ओझं वाहिलं ते एकदा उतरून परत पाठीवर चढलं, की पहिल्यापेक्षा जड लागतं. नवऱ्याचा फोन आला.

"कशी आहेस?"

"बरी आहे."

"आवाज खोल वाटतो."

"तुमचा ट्रक बंद करा, मग नीट ऐकू येईल."

पहिला कॅन सुरुवातीच्या दिवसांतला, तो पास झाला होता. दुसऱ्या कॅनच्या दिवशी ती कारखान्याच्या संडासात उभी राहिली, हातात भांडं घेऊन. तिने साधा हिशेब केला. हे लोक दिवसाची बेरीज बघतात. बेरीज वाढली की आपण नापास. नापास झालं की कंडक्टरसारखं घरी. मग पुढे कधी खरी गोळी मिळायची ती आशाही गेली. कॅनमध्ये गेलंच नाही, तर बेरजेत येईल कसं? तिने भांडं ओतून दिलं, साखळी ओढली आणि टेबलाशी परत आली. दुपारभर तिने कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. त्या दिवशी कापलेला एक थर वाकडा गेला, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

आकडा हद्दीच्या काठावर आला. सिस्टर म्हणाल्या, "लघवी जरा कमी वाटते. पाणी पिता ना?" ती म्हणाली, पिते. झालं, आपण पास.

पाचव्या आठवड्यात तागा उचलताना बरगडीत काडकन आवाज झाला. या आजारात हाडं खडूसारखी होतात. तिने छातीभोवती कोरं कापड घट्ट गुंडाळलं आणि डबल पाळी केली. दवाखान्यात सांगितलं नाही. दुखणं सांगितलं तर काढतील, हेच डोक्यात. सहाव्या आठवड्याच्या कॅनला तिने निम्म्याहून जास्त ओतून दिलं, आणि या वेळी सुट्टी असल्यामुळे घरी. नणंद मोरीच्या दारात उभी होती.

"वहिनी, त्यात भरायचं असतं की त्यातून ओतायचं?"

मास्तरिणीने भांडं खाली ठेवलं. मग सगळंच बोलली, उभ्याउभ्या, भिंतीला टेकून. पीठ, कंडक्टर, बेरीज.

नणंदेने ऐकून घेतलं. "आयुष्यात एवढं एकदाच डोकं चालवलंस," ती म्हणाली. "बरं केलंस. त्यांना काय, त्यांना आकडा हवा, तुला गोळी हवी." आणि थोडं थांबून, "छातीला काय बांधलंयस?"

"काही नाही, वन्सं."

"काही नाही एवढं घट्ट बांधत नाहीत."

दोघींनी मिळून ते कापड सोडलं. खालची कातडी वांग्याच्या रंगाची झाली होती. नणंद उठली. तिने नवीन पट्टी फाडून आणली आणि पहिल्यापेक्षा सैल बांधली.

तीन दिवसांनी सिस्टरचा फोन आला. एकदा येऊन जा.

त्यांच्या खोलीत एक फ्रीज, एक वजनकाटा आणि कागदांची कपाटं. सिस्टरनी दार लावलं आणि एक कागद पुढे केला. "लघवीत आम्ही दुसरंही एक मोजतो. क्रिएटिनिन. तुमच्या अंगातून दिवसाला ते जवळजवळ ठरलेलं पडतं. आज एक आणि उद्या अर्धं, असं होत नाही. तुमचं मागच्या खेपेला कमी आलं, या खेपेला निम्म्यावर. म्हणजे कॅन पूर्ण नाही."

मास्तरीण कागदाकडे बघत राहिली. कापडाच्या प्रत्येक ताग्याच्या कडेला गिरणीची एक खूण विणलेली असते. मधून कापड काढून कडा जोडली तरी खुणा जुळत नाहीत. हे तिने स्वतः किती व्यापाऱ्यांच्या तोंडावर मारलं होतं. लघवीतही खूण विणलेली असते, हे तिला कुठे माहीत.

"विसरलात का एखाद्या वेळी?" सिस्टरनी हळूच विचारलं. "होतं कामाच्या गडबडीत. तसं लिहिते हवं तर."

वाट सरळ होती. हो म्हणायचं आणि सुटायचं. पण विसरले? तिने, माप?

"विसरले असं लिहू नका," ती म्हणाली. "ओतून दिलं. दोन्ही वेळा. मुद्दाम."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "का पण?"

"आकडा वाढला असता. तुम्ही घालवलं असतं."

"कोण म्हणालं?"

"कंडक्टर."

"अहो बाई," सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी सतरावं पान काढलं, पण वाचून न दाखवता ते उलटं ठेवलं. "ऐका. त्या टप्प्यात आकडा वर राहिला की काढत होतो, खरं आहे. या टप्प्यात उलटं आहे. आता आकडा हद्दीच्या दीडपट गेला, तर त्याच दिवशी पिठाची शंकाच न ठेवता तुम्हाला खरी गोळी, उघड, नाव लिहिलेली. तुम्ही चौथ्या आठवड्यात पूर्ण कॅन दिला असतात तर..."

तर बरगडी मोडली नसती. ते त्यांना माहीत नव्हतं, तिला होतं.

मास्तरिणीला रडू आलं नाही, राग आला. "मग हे असं लिहायचं असतं होय? उंबरठा ओलांडल्यास? माझ्या घराला उंबरठाच नाही, बाई. आकडा वाढला तर औषध मिळेल, एवढं एक वाक्य लिहायला कुणाचा हात मोडला होता? बरगडी माझी मोडली."

"बरगडी?" सिस्टर उठल्या.

त्यानंतरचा दिवस एक्सरेत गेला. बरगडीची नोंद झाली. मॅडम आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि त्याही दमलेल्या दिसत होत्या. त्यांनी तिला दोष दिला नाही, पण आशाही लावली नाही. मुद्दाम नमुना कमी देणं हा नियमभंग. तो वर कळवावा लागेल. चाचणीवर देखरेख करणारी मंडळी म्हणू शकतात की हिचा भरवसा नाही, हिला काढा. किंवा म्हणू शकतात, पुन्हा मोजा. विसरले म्हणाली असती तर हा प्रश्नच आला नसता, हे मॅडम बोलल्या नाहीत. नणंद बोलली. घरी पोचेपर्यंत बोलली.

"नाकाने कांदे सोलायची हौस. सिस्टरने दार उघडं ठेवलेलं, आणि ही बया खिडकीतून उडी मारते."

"माप चोरलं ते चोरलं, वन्सं. वर त्याला विसरणं म्हणायचं म्हणजे दुसरी चोरी."

"मग चोर म्हणून घरी बस आता."

"बसेन."

ती बसली नाही, कामावर गेली. बरगडी आहे म्हणून तागे दुसऱ्यांनी उचलले. दोन दिवस उत्तर आलं नाही. त्या दोन दिवसांत तिने चारशे शर्ट बेतले आणि एकदाही फोनकडे बघितलं नाही, असं ती सांगते. मशीनवरच्या पोरी सांगतात की फोन टेबलावर चॉकशेजारीच होता आणि तिचा हात चॉकपेक्षा फोनकडेच जास्त जायचा.

तिसऱ्या दिवशी सिस्टरचा फोन. पुन्हा मोजू द्या असं ठरलं. सलग दोन दिवस, दोन कॅन, उद्यापासून. कॅन थंड ठेवायचा. आणि हे शेवटचं.

शाळा उघडायला दहा दिवस होते, सुट्टी मिळणं शक्य नव्हतं. आतापर्यंत तिने कॅन काळ्या पिशवीत, पिशवी कपड्यांच्या पोत्यात, असं लपवून नेलं होतं. या वेळी लपवाछपवी करायला अंगात त्राण नव्हतं. तिने बर्फ घातलेली बादली टेबलाखाली ठेवली आणि कॅन तीत उभा केला. मालक फेरी मारायला आले.

"मास्तरीण, हे काय? मशीनचं तेल?"

"माझी लघवी आहे."

मालकांनी पाय मागे घेतला.

"दवाखान्याला द्यायची आहे. दोन दिवस राहील इथे. कुणी लाथ मारून सांडली तर शाळेचे शर्ट मी बेतणार नाही, सांगून ठेवते."

मशीनवर कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळीच हसली, आणि त्या हसण्यात कुचेष्टा होतीही आणि नव्हतीही. दुपारपर्यंत कुणीतरी बादलीभोवती चार खुर्च्यांचं कुंपण केलं. ती संडासात जाऊन यायची, खुर्च्या सरकवायची, ओतायची, झाकण लावायची, परत कात्री. संध्याकाळी दोन्ही हातांनी कॅन धरून जिना उतरली, बरगडी दुखते म्हणून एकेका पायरीवर थांबत. घरी नणंदेने फ्रीजमधलं दूध काढून बाहेर ठेवलं आणि तिथे जागा केली. "नासलं तर नासलं," ती म्हणाली. "आपण काळा चहा पिऊ."

पाच दिवसांनी आकडा आला. हद्दीच्या सव्वातीनपट. सिस्टरनी तो सांगताना आवाज कोरडा ठेवायचा प्रयत्न केला, पण त्यांना जमलं नाही. एवढा वाईट आकडा ऐकून बाकावर नणंद-भावजय एकमेकींकडे बघून हसतात, हे शेजारी बसलेल्या माणसाला विचित्र वाटलं असणार.

मॅडमनी नाव लिहिलेली डबी पुढे ठेवली. पहिली गोळी तिने तिथेच पाण्याबरोबर घेतली. सतराव्या पानाचं काय, ते सोपं लिहिणार का, तिने विचारलं. समितीकडे कळवलंय, मॅडम म्हणाल्या, वेळ लागेल. किती? सांगता येत नाही.

"आणि एक," मॅडम म्हणाल्या. "आकडा खाली यायला लागला की पहिले काही आठवडे तुम्हाला उलट जास्तच थकल्यासारखं होईल. सांधे दुखतील. अंगाला इतकी वर्षं त्या रसायनाची सवय आहे. घाबरू नका, पण अंगावरही काढू नका. चक्कर आली, उलटी झाली, तर त्याच दिवशी फोन. या वेळी लपवायचं नाही."

"नाही लपवणार."

"आणि महिनाभर काम कमी करा."

"शाळा उघडल्यावर बघू."

ती बाहेर आली. नणंद दाराशी उभी होती, डबी हातात घेऊन तिने नाव दोनदा वाचलं, मग आपल्या पर्समध्ये ठेवली आणि चेन लावली. लिफ्टसमोर रांग होती. दोघी बाकावर बसल्या. घाई कसलीच नव्हती. लिफ्ट आली, भरली, गेली, पुन्हा आली.

"उठायचं का?" नणंदेने विचारलं.

"थोडं बसू, वन्सं," मास्तरीण म्हणाली. "दमलेय."

"बस," नणंद म्हणाली, आणि त्यापुढे काही जोडलं नाही.